‘परोपकारी, मनमिळाऊ’ न लिहिता वडिलांची पुस्तिका कशी काढावी

गेली 22 वर्षं मी कणकवलीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेचे बॅनर आणि बाराव्या-तेराव्याचे श्रद्धांजलीचे बोर्ड. माझ्या कॉम्प्युटरवर ‘श्रद्धांजली कॉमन’ नावाची एक फाईल आहे. तिच्यात मजकूर तयारच असतो : ‘परोपकारी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल व सामाजिक कार्याची आवड असणारे व्यक्तिमत्त्व.’ फोटो बदलायचा, नाव बदलायचं, तारीख बदलायची, प्रिंटला टाकायचं. गिऱ्हाईक घाईत असतं, रडवेलं असतं, त्याला पर्याय दाखवत बसायचं नसतं.

आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा त्यांचा बोर्ड मीच केला, त्याच फाईलवरून. तेराव्याला आमच्या गावच्या, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या तिठ्यावर त्या बोर्डाखाली उभा राहिलो, वाचला, आणि त्या ओळीत अण्णा कुठे आहेत ते मला सापडेना. त्यांच्या शेजारीच महिन्यापूर्वी गेलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांचा बोर्ड होता. तोही माझाच. तेही परोपकारी आणि मनमिळाऊ.

मग वर्षश्राद्धापर्यंत मी अण्णांच्या आठवणींची 32 पानांची एक पुस्तिका केली. तेव्हापासून दुकानात येणारे लोक विचारतात, आम्हालाही तशीच करायची आहे, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि वडिलांबद्दल जी विशेषणं मनात येतात ती सगळी त्यावर लिहून काढा. काटकसरी, शिस्तप्रिय, धार्मिक, जे काय असेल ते. आता प्रत्येक शब्दासमोर एक घडलेली गोष्ट लिहायचा प्रयत्न करा, ठिकाण आणि साधारण साल धरून. जिथे गोष्ट सुचत नाही तो शब्द खोडा. जिथे सुचते तिथेही शब्द खोडा आणि गोष्ट ठेवा. माझ्या कागदावर पंधरा शब्द होते. ‘परोपकारी’समोर मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. गावात सगळे म्हणायचे अण्णा कोणालाही नाही म्हणत नाहीत, पण नक्की काय करायचे ते मला, त्यांच्या मुलाला, सांगता येईना.

धंद्याची वही आधी उघडा

अण्णा टेलर होते. आचऱ्याच्या बाजारपेठेत एका गाळ्याचं दुकान, दोन पायमशीनं, एक कोळशाची इस्त्री. टेलरकडे माप-वही असते. अण्णांच्या अकरा वह्या निघाल्या, पहिली 1968 ची. नाव, तारीख, खाली ‘उं 28, छा 34, शो 16, बा 9, ग 14’ (उंची, छाती, शोल्डर, बाही, गळा), आणि बाजूला टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडली होती, काही ठिकाणी कसर लागली होती, पण अक्षर शाबूत.

तुमचे वडील टेलर नसतील. पण प्रत्येक धंद्याची अशी एक वही असतेच. दुकानदाराची उधारीची चोपडी, बागायतदाराची पेट्यांची पट्टी, रापणकराचे वाटणीचे हिशोब, मास्तरांची टाचणवही, ड्रायव्हरची डायरी. घरचे लोक ही रद्दी समजतात आणि तेराव्यानंतरच्या साफसफाईत पहिली तीच जाते. म्हणून बाकी काही करायच्या आधी ती वही कोणाच्या हाती लागू देऊ नका. उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस पानं उलटत ठेवा. मग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद करून मोबाईलने पानागणिक फोटो काढा. पावसाळ्यात हे करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटलेली पानं सोडवताना फाटतात.

आणि मग ती वही वाचा. हिशोबासारखी नव्हे, सावकाश. कुठे काय नियमाबाहेर दिसतं ते बघा.

मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे वह्यांच्या मागच्या पानांवर काज-बटणांचे हिशोब होते. नावं नाहीत, नुसती आद्याक्षरं, पुढे शर्टांचा आकडा आणि पैसे. दुसरी गोष्ट मला अजिबात उलगडेना. मधूनमधून, मापांच्या गर्दीत, एकच ओळ : ‘मांजरपाट 5 वार.’ पुढे तारीख. नाव नाही, रक्कम नाही. अकरा वह्यांत मिळून अशा 61 नोंदी. अण्णा पै-पैचा हिशोब ठेवणारे. रीळ कितीला आणलं तेही लिहायचे. मग हे कापड कोणाला दिलं आणि पैसे का नाही लिहिले?

मी ते पान मोबाईलवर घेऊन देऊळवाडीतल्या एका काकींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, एक तारीख बघितली आणि म्हणाल्या, “ह्यो आमच्या सासऱ्यांचो दिवस.” मयताचं कापड. वाडीत कोणी गेलं की रात्री दोन वाजता का होईना, अण्णांचं दार वाजायचं, दुकान उघडायचं, आणि पाच वार मांजरपाट कापून जायचं. पैसे त्या वेळी कोणी विचारायचे नाहीत, नंतर द्यायला कोणी आलं तर अण्णा घ्यायचे नाहीत. मी त्याच घरात झोपलेला असायचो. मला वाटायचं, अण्णा लघवीला उठलेत.

पुस्तिकेत मी हे एका पानावर छापलं. वहीतल्या पानाचा फोटो आणि खाली तीन ओळी. ‘परोपकारी’ शब्द कुठेच नाही.

लोकांकडे जाताना

ज्यांना भेटायचं त्यांची यादी वयाप्रमाणे लावा. नात्याप्रमाणे नको. ऐंशीच्या पुढचे पहिले. मी आधी सोयीने जवळच्यांकडे गेलो, आणि अण्णांबरोबर शिलाई शिकलेले जे एक गृहस्थ त्रिंबक गावात होते ते मे महिन्यात गेले. त्यांच्याकडे जायचं मी शिमग्यापासून म्हणत होतो.

जायची वेळ दुपारी चारच्या पुढची, चहाच्या सुमाराला. जूनमध्ये शेतकऱ्याकडे जाऊ नका, लावणीत कोणाला बोलायला वेळ नसतो. मासेमारी करणाऱ्यांकडे मात्र जून-जुलैत जा, बंदीमुळे होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणूस घरात भेटतो. मी पिरावाडीत त्याच दिवसांत गेलो.

हातात वही-पेन घेऊन समोर बसलात की माणूस भाषण सुरू करतो. “तुमचे वडील म्हणजे देवमाणूस” इथून सुरुवात होते आणि तिथेच संपते. त्याऐवजी एखादी वस्तू न्या. फोटो, वहीचं पान, त्यांची कात्री. मी अण्णांची लाकडी पट्टी नेत असे, आतून कोरलेल्या इंचांची. एका म्हाताऱ्याने ती हातात घेतली आणि आधी स्वतःच्या ढोपरावर मारून दाखवली, अण्णा शिकाऊ पोरांना कशी मारायचे ते. देवमाणूस तिथेच संपला आणि बोलणं सुरू झालं.

प्रश्न मोठा विचारू नका. “कसे होते?” याला उत्तर नसतं. हे असले विचारा :

दुकान उघडल्यावर पहिलं काय करायचे?
तुमच्याकडे आले तर कुठे बसायचे, आत की पडवीत?
कोणाशी बोलत नसत?
शेवटचं तुमचं काय बोलणं झालं?
त्यांचा राग कधी आला होता तुम्हाला?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. विचारायला लाज वाटते, पण लोकांना बरं वाटतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करायला हरकत नाही, फक्त विचारून करा, पंखा बंद करायला सांगा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच मुंबईहून कोणाचा तरी फोन येतो. घरी आल्यावर त्याच रात्री फाईलला नाव द्या : तारीख, वाडी, कोण. ‘रेकॉर्डिंग 14’ म्हणजे काय ते महिन्याने तुम्हालाही कळणार नाही. लिहून काढताना त्यांची मालवणी आहे तशी ठेवा. ‘त्यांनी मला सांगितले’ असं शुद्ध केलंत की त्या बाई पानावरून निघून जातात.

काज-बटणांच्या त्या आद्याक्षरांचा शोध मी असाच लावला. नऊ बायका निघाल्या. अण्णा शर्ट शिवायचे, काजं आणि बटणं घरोघरी जायची, शर्टामागे पैसे. नऊपैकी चौघींनी पुढे स्वतःची मशीनं घेतली. मी मनातल्या मनात परिच्छेद तयारही केला होता : अण्णांनी गरजू महिलांना रोजगार मिळवून दिला, वगैरे. तोच परिच्छेद मी गाऊडवाडीतल्या एका मावशींना वाचून दाखवला, त्या नऊजणींतल्या एक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उपकार कसले रे? माजी काजां तुज्या बापाशीच्या काजांपेक्षा बरी होती. म्हणान देय होतो.”

परिच्छेद खोडला. मावशींचं वाक्य छापलं, त्यांना विचारून. त्यामुळे आता मी सगळ्यांना सांगतो की लिहिलेलं ज्याच्यावर लिहिलं त्यालाच आधी वाचून दाखवा. गावासाठी झटणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना आपण नकळत बाकी गावाला भिकारी करून टाकतो. आणि जिथे खरोखरच कोणाला पैशाची, दवाखान्याची मदत झाली असेल तिथे नाव मुळीच छापू नका, ते ‘छाप’ म्हणाले तरी दोनदा विचारा. त्यांच्या सुनेलाही विचारा.

आईचं वेगळं ऐका

हा भाग बहुतेक पुस्तिकांत नसतो. आईचा एक फोटो असतो, खाली ‘मोलाची साथ’. मोलाची साथ म्हणजे काय ते कोणी विचारत नाही.

मी आईला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सगळ्या गावाक चतुर्थीक नवे कपडे. आणि टेलराच्या घरात चतुर्थीच्या सकाळपर्यंत काजां.” खरं आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस अण्णा दुकानातच जेवायचे, झोपायचे. गावाचं सगळं झालं की आमच्या शर्टांना हात लागायचा. 1986 च्या गणपतीचा आमचा घरातला फोटो आहे. मी आणि भाऊ मूर्तीशेजारी उभे, कोरे शर्ट घालून. स्कॅन करताना मोठा करून बघितला तर माझ्या शर्टाला बटणंच नाहीत, टाचण्या आहेत.

दहीकाल्याच्या रात्री ताईला ताप भरला होता आणि अण्णा देवळात दशावताराचा पडदा बांधत होते, ते आईने सांगितलं. गावपळणीचंही सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आचऱ्यात ठरावीक वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या बांधून राहतं. बाकीच्यांची आठवण म्हणजे मौजमजा, भजनं, माळरानावरची जेवणं. आईची आठवण म्हणजे अण्णांनी पायमशीनचं डोकं गोणपाटात बांधून बरोबर घेतलं होतं, कोणाच्या तरी लग्नाचे कपडे राहिले होते म्हणून, आणि भांड्यांचं ओझं तिने डोक्यावर एकटीने नेलं.

हे छापायचं की नाही यावर घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, वर्षश्राद्धाला हे शोभतं का. आई म्हणाली, “छाप. नायतर माका वाटात मी खोटा बोलतंय.” छापलं. पुस्तिकेतली ती चार पानं लोक पहिली वाचतात, असं मला दिसलं.

भाऊबंदकीचं मात्र एकाच वाक्यात संपवा. अण्णा आणि काका चौदा वर्षं बोलत नव्हते, जमिनीवरून. कागदपत्रं, दावे, कोणाचा हिस्सा किती, हे पुस्तिकेत घालू नका. पुस्तिका पुरावा म्हणून कोणीतरी काढून दाखवील. पण चौदा वर्षं गाळूनही टाकू नका, सगळ्या गावाला माहीत असतं. मी काकांना जाऊन विचारलं. म्हणाले, “लिव. पण दोघांचीय चूक होती असा लिव.” तसंच लिहिलं.

तारखांचा घोळ

जन्मतारीख आधी तपासा. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली आहे असं समजून चाला; त्या पिढीतला निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला असतो. अण्णांची दाखल्यावरची तारीख 1 जून 1944. आजी सांगायची, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झाला. जूनमध्ये गौरी येत नाहीत. जन्मपत्रिका असेल तर ती काढा. नसेल तर तहसीलदार कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी मागा, गाव नमुना 14 म्हणतात त्याला; कोतवाल बुक म्हटलं तरी कळतं. जुनी पानं मोडीत असू शकतात, वाचणारा सोबत न्या. एवढं करूनही दोन तारखा राहिल्या तर दोन्ही छापा, कुठली कुठून आली ते लिहून.

बाकीच्या घटनांना लोक साल सांगत नाहीत, खूण सांगतात. “जिल्हो वेगळो झालो तेव्हा” म्हणजे 1 मे 1981, सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा झाला ती तारीख. “रेल्वे सुरू झाली तेव्हा” म्हणजे बहुधा 26 जानेवारी 1998, पण सावंतवाडीच्या बाजूला गाड्या त्याआधीही थोड्या धावत होत्या, तेव्हा पुन्हा विचारा. “तौक्ते” म्हणजे मे 2021. तिथी सांगितली तर जुनं पंचांग बघून तारीख निघते. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीची, म्हणजे काढता येते. पण “आंगणेवाडीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी” असं सांगितलं तर पंचांग उपयोगाचं नाही, कारण ती जत्रा तिथीवर नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. त्या सालचं वर्तमानपत्र शोधावं लागतं.

किंवा आईच्या खाटेखालची जुनी कालनिर्णयं. 1973 साली आपल्या मालवणच्याच जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं आणि कोकणातल्या बायकांना रोजनिशी मिळाली. दूध किती, गॅस कधी, कोण आलं, कोण गेलं, सगळं त्या चौकोनांत असतं. आमच्या आईची 1979 पासूनची निघाली. अण्णांच्या वहीतल्या मांजरपाटाच्या तारखा त्यांच्याशी ताडून बघितल्या तर बऱ्याच ठिकाणी आईच्या अक्षरात एकच शब्द होता : ‘सुतक.’

छपाईचं थोडक्यात

हे माझं रोजचं काम, म्हणून इथे घोळ घालत नाही. डेमी 1/8 आकार घ्या, पिनिंगची बांधणी. पानं चारच्या पटीत लागतात, 32 पुष्कळ झाली. आतला कागद 70 जीएसएम मॅपलिथो चालतो, पण फोटो जास्त असतील तर थोडा जाड घ्या, नाहीतर मागचा फोटो पुढे दिसतो.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की बारीक होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छापायला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे चार इंच रुंद फोटोसाठी 1200 तरी हवेत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच तिरपा उजेड घेऊन काढा. फोटोतल्या सगळ्यांची नावं डावीकडून क्रमाने लिहून घ्या, आणि ओळखू न येणाऱ्याला ‘मित्रपरिवार’ म्हणू नका, ‘नाव मिळाले नाही’ असं छापा. आमच्या पुस्तिकेत असे तिघे होते. दोघांची नावं छापल्यानंतर आठवड्यात मिळाली.

मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून द्या. डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवतो तेव्हा ‘ऱ्य’ हमखास मोडतो, आणि आमच्या गावाचं नाव चालवायचं तर प्रत्येक ओळीत ‘आचऱ्याला’, ‘आचऱ्याहून’. प्रूफ घरच्या माणसाला देऊ नका, त्याला सगळं पाठ असतं. परक्याला मोठ्याने वाचायला लावा.

प्रती मी 150 काढल्या. वर्षश्राद्धाला अर्ध्या गेल्या, बाकीच्या चतुर्थीला चाकरमानी आले तेव्हा. एकेक शाळेत, वाचनालयात आणि देवस्थानच्या कपाटात दिली. शेवटची चार पानं कोरी ठेवली होती, वर एवढंच लिहून : ‘चुकलं असेल, राहिलं असेल ते इथे लिहून परत द्या.’ अशा 23 प्रती परत आल्या.

त्यातली एक परळहून आली, कुरियरने. पान 14 वर मी माप-वहीतली 1974 ची एक नोंद छापली होती, ती प्रत पाठवणाऱ्या गृहस्थांच्याच पहिल्या लांब पँटीच्या वेळच्या शर्टाची, त्यांची परवानगी घेऊन. त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘छाती 34 नव्हे, 36. तुमच्या वडिलांनी शर्ट आखूड शिवला होता आणि चूक माझ्या अंगावर ढकलली होती.’

वही काढून बघितली. 34 च आहे. पुढच्या छपाईत दोन्ही आकडे घालतोय.